वाचायची मुभा, खोडायची नाही

या, जवळ सरका, कान इकडे द्या. एका बाईची गोष्ट सांगते. मन लावून ऐकलीत तर सांगणारीचंही सार्थक होईल.

दवाखान्यातल्या मुलांच्या वॉर्डात सकाळपासून कॉम्प्युटरने एकच पालुपद धरलं होतं : "फाईल बदललेली आहे. प्रोग्रॅम उघडणार नाही." औषधांच्या मात्रा सांगणारा प्रोग्रॅम तो. उघडण्याआधी आपल्या फायली बदलल्या तर नाहीत ना, हे ताडून बघायचा. सिस्टर खोळंबलेल्या, खाटांवर रडारड, आणि स्टुलावर वाकून बसलेली आमची कुलूपताई. बावीस वर्षं ती तिथले कॉम्प्युटर सांभाळत होती. जो तो तिच्याकडे फायली बदलायचे अधिकार मागे आणि ही नाही म्हणे, म्हणून हे नाव.

दवाखान्याचे साहेब तरातरा आले. "अहो, ती तपासणी बंद करा आणि टाका उघडून!"

"नाही करणार."

"काय म्हणालात?"

"तो उगाच अडत नाही, साहेब. काय बदललंय ते बघू द्या."

"गेल्या महिन्यात सगळ्यांना सगळे अधिकार द्या म्हटलं, तेव्हाही असंच तोंड वाकडं केलं होतंत!"

"केलं होतं. म्हणून तर तुम्ही लेखी हुकूम काढलात."

तिने औषधांच्या मात्रांची मूळ यादी आणि वॉर्डातली यादी शेजारी शेजारी लावली. बोट ओळीओळीने उतरत एका जागी थांबलं. तापाचं औषध, मुळात अर्धा मिली. इथे एक. खाली दीडचे दोन. सगळे दशांश गळून आकडे वरच्या पूर्णांकावर चढले होते.

थोरल्या सिस्टर तिच्या कानाशी लागल्या. "मीच केलं गं हे. डोळ्यांना दिसेना, म्हणून अक्षरं मोठी करून यादी छापायला घेतली. रकाने बसेनात, तर टिंबापुढचे आकडे लपवले. बंद करताना त्याने सेव्ह करू का विचारलं, मी आपलं हो म्हटलं."

"कोणी केलं हे?" साहेब कडाडले. "नाव हवंय मला!"

"दार सताड उघडं ठेवायच्या हुकुमाखाली सही आहे ना, ते नाव घ्या."

 

तिने मूळ यादी परत बसवली आणि बदलण्याचे अधिकार काढून घेतले. एकूण एक सगळ्यांचे.

"माझेसुद्धा?"

"तुमचेसुद्धा, साहेब. वाचायची मुभा आहे, खोडायची नाही."

"उद्यापासून तळघरात बसा, जुन्या कागदांच्या गोदामात!"

"बसते की. पण हे कुलूप काढायचं झालं, तर आधी आजची हकीकत लिहा आणि खाली सही करा."

ती सही आजतागायत कोणी केलेली नाही.

जाण्याआधी तिने मूळ यादी मोठ्या अक्षरांत छापली, प्रत्येक टिंब पेनाने ठळक केलं आणि ती थोरल्या सिस्टरांच्या हातात ठेवली.

वॉर्डातला तो प्रोग्रॅम अजून रोज उघडताना फायली ताडून बघायला थबकतो. नव्या सिस्टर कुरकुरतात, "किती वेळ लावतो मेला!" तुमचं लेकरू कधी तिथल्या खाटेवर असलं आणि औषधाला तेवढा उशीर झाला, तर रागावू नका. तेवढ्या वेळात आमच्या कुलूपताईची आठवण काढा.