सर्वात कमी दराचा क्वार्टरबॅक

भय्यासाहेबांचा फोटो मंडळाच्या भिंतीवरून उतरला आणि त्याच खिळ्यावर सौमित्र लटकला. तसं काही झालेलं नाही. इतिवृत्तात 'भिंत जशी होती तशीच आहे' असं लिहून खाली सह्या आहेत, तेव्हा आपणही तसंच धरून चालू.

तर फ्रीगंज मोहल्ल्यातल्या मराठी मंडळात 'आपले खेळाडू' नावाची भिंत आहे. खिळे सात. आठवा ठोकता येत नाही, कारण भिंतीपलीकडे यात्रेकरूंच्या लॉजचा नळ आहे. एकदा ठोकला होता, तेव्हा कोजागरीला सगळ्या कमिटीची आंघोळ झाली होती.

पाचव्या खिळ्यावर भय्यासाहेब. कबड्डी, १९७४, पहिल्या चार सामन्यांत एकतीस गडी बाद. भय्यासाहेब हयात आहेत. दर रविवारी ते स्वतःच्याच फोटोखाली बसून पेपर वाचतात आणि नवीन माणसाला वर नमस्कार करावा की खाली, हे कळत नाही. गुडघे गेल्यापासून घराबाहेर पडायचं एवढंच एक निमित्त उरलंय. त्यांची मुलगी जयू त्यांना स्कूटीवर आणून सोडते.

मग अमेरिकेतून सौमित्रचा फोटो आला. खांद्यांवर दोन उशा, डोक्यावर पिंजरा. इथल्याच एका डेंटिस्टचा मुलगा, तिकडे कॉलेजच्या टीममध्ये क्वार्टरबॅक.

"म्हणजे काय करतो?" जयूने मंडळाचे सचिव मंदारकाका यांना विचारलं.

"बॉल फेकतो. फुटबॉल आहे, पण हाताने."

"मग पाय कशाला?"

"पळायला."

जयूला तिथेच संशय आला. शिवाय मंदारकाकांची बायको, विनोदिनीकाकू, ही सौमित्रची सख्खी मावशी.

नवा फोटो चढवायचा तर त्याच्या सुरुवातीच्या सामन्यांची जुन्या दिग्गजांच्या सुरुवातीशी तुलना करावी, असं ठरलं. मंदारकाकांची हयात सरकारी खरेदी शाखेत गेलेली. तुलना करायची त्यांना एकच पद्धत येत होती: तीन बंद लिफाफे आणि एक तुलनात्मक तक्ता. एक लिफाफा भय्यासाहेबांचा, एक सौमित्रचा. तिसरा निघाला कै. शरच्चंद्र, मलखांब, यांचा.

"काका, ते तर चौऱ्याऐंशी साली गेले ना."

"म्हणूनच सही नाहीये. त्यांना अपात्र केलंय. तुलनेतच नाहीत, तेव्हा त्यांचा फोटो सेफ."

"पण लिफाफा पाठवला कुणी?"

"तीन लागतात," काका म्हणाले आणि लिफाफ्यावरची लाख खरवडू लागले.

तिन्ही लिफाफ्यांवर हळदीची बोटं होती. जयूने काकूंच्या हाताकडे पाहिलं. काकूंनी हात पदराखाली घेतला.

काकांनी आकडे वाचले. "भय्यासाहेब, चार सामने, एकतीस. सौमित्र, चार सामने, शून्य. सौमित्र मंजूर."

"शून्य?" जयू म्हणाली. "मग तो हरला ना, भिया."

रस्त्यावरच्या कुणालाही म्हणतात तसं भिया, असं काकांना ती पहिल्यांदाच म्हणाली होती.

"सर्वात कमी तोच मंजूर," काका शांतपणे म्हणाले. "तीस वर्षं हेच केलंय. भय्यासाहेबांचा रेट फार जास्त आहे, बेटा."

जयूने त्यांच्या चेहऱ्यावर लबाडी शोधली. ती सापडली असती तर भांडता आलं असतं. कमिटीने मंजुरीला हात वर केले, कारण पोहे गार होत होते.

रविवारी भय्यासाहेब खुर्चीत बसले, पण पेपर उघडला नाही. मान वर करून पाहत राहिले.

"शून्य कसं काय?" ते म्हणाले. "उभा तर चांगला राहतो पोरगा. काहीतरी घोटाळा आहे. जयू, फोन लाव त्याला."

सौमित्र व्हिडिओवर आला. "आजोबा, मी चौथा क्वार्टरबॅक आहे. बेंचवरच असतो. हेल्मेटचं स्टिकरपण काढलेलं नाही."

"मलापण पहिल्यांदा बसवूनच ठेवलं होतं," भय्यासाहेब म्हणाले. "मी पाणी द्यायला म्हणून आत गेलो आणि परत आलोच नाही."

फोन ठेवून त्यांनी काकांना विचारलं, "मंजूर पार्टीचा रेट नंतर वाढला तर?"

"तर फेरनिविदा. नियमच आहे."

"जयू, कागद घे."

त्यांनी सांगितलं, तिने लिहिलं, आणि सोमवारी देवास गेटच्या पोस्ट ऑफिसातून रजिस्टर्डने पाठवलं:

प्रति, मा. मुख्य प्रशिक्षक, अमेरिका. महोदय, आपल्या ताब्यातील क्वार्टरबॅक चि. सौमित्र यांस पुढील सामन्यात मैदानात उतरवून किमान बत्तीस यशस्वी पास फेकू द्यावेत, व तोवर आडवे न येण्याबाबत प्रतिस्पर्धी संघास आपल्या स्तरावरून लेखी आदेश व्हावेत, जेणेकरून त्यांचा दर निम्नस्वाक्षरीकाराहून जास्त होऊन खिळा क्र. ५ रिक्त होईल, ही नम्र विनंती. प्रत: प्रतिस्पर्धी संघ, माहिती व आवश्यक कार्यवाहीस्तव.