हाताचा अंदाज

"आबा, आदी बटन बंद करा, मग वायरीला हात लावा," पंचशीला तिसऱ्यांदा म्हणाली, तेव्हा आश्रुबाचं डोकं सटकलं. सिरसाळ्यात चाळीस वर्षं जळालेल्या पाण्याच्या मोटारींत नवी तार भरून देणाऱ्या माणसाला पोटची पोर बटन शिकवत होती.

पण चूक त्याचीच होती. पंचशीलानं दगडावर अक्षरं कोरायचं जुनं मशीन घेतलं होतं. त्याची एक मोटार अडली, आणि काल आश्रुबानं पंपाच्या सवयीनं करंट चालू असतानाच तिची वायर उपसून ठिणगी बघितली. मोटारीला करंट पुरवणारं इवलंसं कार्ड जागेवर मेलं. आता एकच कार्ड शिल्लक होतं. तेही गेलं तर दुसरं पुण्याहून यायला चार दिवस, आणि विहारातल्या वाचनालयाची पाटी उद्या सकाळी द्यायची होती. पोरीचं पहिलंच काम.

मोटार तरी कसली, मुठीएवढी! चार वायरी, ना फेज ना न्यूट्रल. फिरायचं सोडून जागच्या जागी कुरकुरायची. आश्रुबानं तिला बनवणाऱ्यासकट मनातल्या मनात शिव्या घातल्या. पंचशीलानं बटन बंद केलं, चारही वायरी सोडवल्या, दोन टोकं एकमेकांना जोडली आणि त्याला दांडा हातानं फिरवायला लावला. सहज फिरला. मग दुसरी दोन जोडली, तसा दांडा जड झाला. म्हणजे त्या एकाच कॉइलच्या. विकणाऱ्यानं जोड्याच चुकवल्या होत्या; तिनं त्या नीट लावल्या. आश्रुबाला हे पटलं, पण आपल्याला सुचलं नाही याचा रागही आला.

राहिला करंट. कार्डावर तिळाएवढा पेच होता, तो पिळला की मोटारीचा करंट वाढायचा. मीटर लावून आकडा पॉइंट सहाच्या पुढं जाऊ द्यायचा नाही, असं बजावून ती पाटीचा दगड आणायला गेली. तिची पाठ वळताच आश्रुबानं मीटर बाजूला सारलं. मोटारीच्या अंगावर हात ठेवला की तिचं दुखणं कळतं, यावर तर त्याचं दुकान चाललं होतं. पेच जरासा पिळला, वाट बघितली, हात ठेवला. गार. अजून पिळला. गारच.

अर्ध्या तासानं पंचशीला आली, मोटारीला बोट लावलं आणि झटकन मागं घेत तिनं बटन बंद केलं.

"भाजलं की मला. कावून करंट सोडला इतका?"

"गार हाय की," आश्रुबा म्हणाला. त्याचा हात अजून मोटारीवरच होता.

तिनं तो उचलून बघितला. तळवा लालबुंद झाला होता. कधीपासून कळत न्हाई, तिनं हळूच विचारलं. त्याला धुळाजीची मोटार आठवली. उन्हाळ्यात हात ठेवून, गार चालती म्हणून दिलेली, आठवड्यात जळलेली. तेव्हा तुझ्याकडच्या व्होल्टेजचाच दोष म्हणून त्यानं धुळाजीलाच चारचौघांत झापलं होतं. आश्रुबाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

कार्ड वाचलं होतं. मोटार निवल्यावर त्यानं मीटर पोरीपुढं सरकवलं.

"आकडा तू बग. मी निस्ता पिळतो."

पॉइंट सहावर तिनं थांबा म्हटलं, तसा तो थांबला. मोटार न कुरकुरता फिरली. बऱ्याच वेळानं तिनं वर हात ठेवला.

"कोमट हाय."

"कोमट म्हंजी किती?"

"च्याची बशी धरावी इतकी."

आश्रुबानं मान हलवली. दगडावर पहिलं अक्षर उमटायला लागलं, तसा तो बाहेर आला आणि त्यानं धुळाजीला फोन लावला.

"धुळाजी, व्होल्टेजचा दोष न्हवता. तुजी मोटार म्या जाळली. आणून टाक, पुन्ना भरून देतो. तपासायला पोरगी हाय."