घराण्याचा गॅस

शेगड्या दुरुस्त करण्यात दादांचा हात धरणारा कोणी नव्हता. दुकानात बसल्या बसल्या एकदा हुंगून सांगत, "पाइप नाही, रेग्युलेटर नाही, कॉक गेलाय." आणि कॉकच गेलेला असे. तेव्हा स्वतःच्या छातीतला गॅसही आपल्यालाच कळतो, असा त्यांचा समज असणं साहजिक होतं. शिवाय घराण्यात परंपराच होती. आजोबा चौपन्नाव्या वर्षी गॅसने गेले. वडील एकावन्नाव्या वर्षी, गॅसने. काका एकोणपन्नासाव्या वर्षी दाढी करता करता गेले. उरलेली अर्धी शेजाऱ्यांनी केली. "हार्टबिर्ट आमच्यात कोणाला नाही," असं दादा अभिमानाने सांगत.

त्या मंगळवारी सकाळी बर्नर घासताना त्यांना वाटलं, छातीवर कोणीतरी भरलेलं सिलिंडर आणून ठेवलंय.

"जरा सोडा दे गं. गॅस झालाय."

बायकोने गल्ल्यावरून मान वर केली. डोक्यावर पंखा गरगरत होता आणि दादांचा शर्ट मात्र पिळून काढावा इतका भिजला होता.

"अहो, डावा हात का चोळताय?"

"गॅस हातात उतरलाय."

"आणि जबडा?"

"तिकडून बाहेर पडायला बघतोय."

"मला एक सांगा, तुमच्याकडचे सगळे पन्नाशीच्या आसपासच कसे हो गॅसने जातात? एक तरी म्हातारा होऊन गॅसने गेलाय?"

दादांना उत्तर सुचलं नाही. तीस वर्षांच्या संसारात हे प्रथमच घडत होतं. हेच लक्षण सगळ्यात गंभीर मानून तिने अॅम्ब्युलन्स बोलावली.

दवाखान्यात छातीवर गार जेली लावली गेली, तशी दादांना कामाची आठवण झाली. "साबणाचं पाणी का? गळती शोधताय?"

"गळती नाही काका, तुंबलंय," ईसीजीची पट्टी वाचत डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "हृदयाला रक्त नेणारी नळी बंद पडतेय. हार्ट अटॅक आहे. घरात कोणाला हृदयाचा त्रास?"

"छे! सगळे गॅसने गेले."

बाईंनी एकेकाचं वय विचारलं आणि लिहून घेतलं. "काका, गॅसने माणूस ढेकर देतो. मरत नाही."

नळी मोकळी करून तिच्यात स्प्रिंग बसवली. कामाचा दर्जा दादांना पसंत पडला. बाईंनी पुढे सांगितलेलं मात्र पचायला दोन दिवस लागले. वडील किंवा सख्खा भाऊ पंचावन्नच्या आत हृदयाने गेला, तर मागच्यांना धोका जास्त असतो. जास्त म्हणजे कपाळी लिहिलेला नव्हे. रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल वेळेवर तपासायचं, तंबाखूला रामराम ठोकायचा. तीन पिढ्या नको त्या अवयवावर आळ घेत आल्या होत्या, एवढाच त्याचा अर्थ.

तिसऱ्या दिवशी धाकटा भाऊ भेटायला आला. वय शेहेचाळीस.

"काय रे दादा, घाबरवलंस की! बरं झालं, माझं तसलं काही नाही. जराशी अॅसिडिटी, बस."

दादा उठून बसले. "कधी होते?"

"भरभर चाललं की. थांबलं की जाते."

"बाई!" दादांनी दारातून जाणाऱ्या डॉक्टरीणबाईंना हाक मारली. "हा आमचा धाकटा. याला झोपवा."

"अरे, मी तुला भेटायला आलोय!"

"भेट झाली. शर्ट काढ."