हॉइटच्या होडीतल्या तारा

निवृत्तीच्या दिवशी कारखान्यातून घरी आल्यावर ओपल प्रुइटनं दोन गोष्टी केल्या. पायांतले जाड तळव्यांचे बूट काढून कचऱ्याच्या पिंपात टाकले, आणि नवऱ्याला सांगितलं, "हॉइट, एकतीस वर्षं मी हेलिकॉप्टरच्या तारा जोडल्या. आता कुणी बिघडलेला टेबललॅम्पसुद्धा माझ्यासमोर आणायचा नाही."

हॉइटनं मान डोलावली. शाळेची बस चालवण्यात त्याचा जन्म गेला होता. कुठं बोलायचं आणि कुठं नुसतं आरशात बघून गप्प बसायचं, हे त्याला चांगलं कळत होतं.

अडचण आली ती दोन महिन्यांनी, जून लागल्यावर. गंटर्सव्हिलच्या तलावावर तो लहानपणापासून बास मासे धरत आलेला. पण शेजारच्या व्हर्जिल नेसबिटनं गेल्या वर्षी होडीवर मासे दाखवणारं नवं यंत्र बसवलं, आणि तेव्हापासून हॉइटचा गळ पाण्यात आणि डोळे व्हर्जिलच्या होडीवर, अशी गत झाली होती. शेवटी त्यानंही तसलंच यंत्र मागवलं. भाजायच्या ट्रेएवढा पडदा, एक काळी पेटी, आणि पाण्यात सोडायचा मुठीएवढा ठोकळा. या ठोकळ्याला तो 'डोळा' म्हणायचा. दुकानदार बसवून द्यायला तयार होता, पण त्याच्याकडे तीन आठवड्यांची रांग होती, आणि तलावावरची जोडीनं मासे धरायची स्पर्धा तर नऊ दिवसांवर. ओपल काही बोटीत बसणार नव्हती. हॉइट दरवर्षीप्रमाणे आपल्या विधवा बहिणीला, मॉडीनला घेऊन उतरणार होता.

"बसवणार कोण?" ओपलनं विचारलं.

"मीच. व्हिडिओ बघितलेत."

"किती?"

"अडीच."

ओपल पुढच्या ओसरीवर जाऊन मटार सोलत बसली. होडी अंगणातच, गाड्यावर उभी होती.

पहिला दिवस हॉइटला बरा गेला. पडदा होडीच्या नाकावर घट्ट बसला. तिथंच पायानं चालवायची छोटी विजेची मोटर होती, तिच्या दांड्यावर त्यानं डोळा आवळला. मग आल्या तारा. बॅटऱ्या होडीच्या पार मागच्या टोकाला आणि यंत्र पुढच्या. एवढी लांब तार ओढायचा त्याला कंटाळा आला. पुढच्या दिव्याला जाणाऱ्या दोन बारीक तारा हाताशीच होत्या. वीज ती वीज, असा विचार करून त्यानं त्याच तारा सोलल्या, यंत्राच्या तारा त्यांना पिळल्या, वरून काळी टेप गुंडाळली, आणि उरलेलं सगळं भेंडोळं मोटरच्या जाड केबलशी बांधून झाकणाखाली कोंबलं. पडदा उजळला.

"लागलं बरं का," तो ओसरीकडे बघून म्हणाला.

ओपलनं मान वर केली नाही. पण मटारचे दाणे तिनं टरफलांच्या टोपलीत टाकले, हे त्याला दिसलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे तो व्हर्जिलला घेऊन तलावावर गेला. मोठं इंजिन सुरू केलं, आणि पडदा काळा पडला. इंजिन स्थिर झाल्यावर पुन्हा चालू केला, तर ठीक चालला. मग मासे शोधायला हॉइटनं पुढच्या मोटरवर पाय दिला. पडदाभर तिरप्या रेघा धो धो कोसळू लागल्या.

व्हर्जिलनं सावकाश चष्मा पुसला. "हॉइट, तुझ्या यंत्रात पाऊस पडतोय. छत्री आणलीस का?"

"नवीन आहे. सरावेल."

"यंत्र की तू?"

दुपारपर्यंत एक मासा लागला नाही. परत निघताना मोटर वर उचलली तर डोळ्याची केबल ताणली गेली आणि बिजागरीत सापडून तिचं वरचं आवरण खरवडलं. व्हर्जिलनं सगळं पाहिलं आणि खारे शेंगदाणे खात म्हणाला, "सबंध आलाबामात हे काम तिच्यासारखं कुणाला येत नाही. ती तुझ्याच घरात राहते. विचार ना तिला."

"ती निवृत्त झालीय."

"तारांतून झालीय. तुझ्यातून नाही."

घरी आल्यावर ओपलनं विचारलं, "कसं झालं?" हॉइट "छान" म्हणाला आणि तडक न्हाणीघरात शिरला. त्याचे कान लाल झाले होते, आणि खोटं बोलताना ते होतात हे दोघांनाही ठाऊक होतं.

अंग पुसून स्वयंपाकघरात आला, तर खिडकीतून अंगणातली होडी दिसत होती. पुढचं झाकण उघडं होतं. ओपल कमरेवर हात ठेवून आत बघत होती. मग ती वाकली, टेप लावलेला जोड तिनं दोन बोटांनी वर उचलला. मेलेला उंदीर शेपटीनं उचलावा तसा. नंतर गाडीच्या शेडमध्ये गेली आणि येताना तिच्या हातात कारखान्यातली हत्यारांची करडी पेटी होती.

हॉइट हळूच बाहेर आला. "मी काही तुला सांगितलं नव्हतं."

"नव्हतं सांगितलंस."

"तूच म्हणाली होतीस, तुझ्यासमोर आणायचं नाही."

"मग माझ्या अंगणात कशाला आणून ठेवलंस? डोळे मिटून मटार सोलू?" तिनं विजेचा दाब मोजायचं यंत्र काढलं आणि त्याच्या दोन सुया जोडाला लावल्या. "जा, मागे जाऊन किल्ली फिरव. फक्त क्षणभर."

हॉइटनं किल्ली फिरवली. आकडा बारावरून नवाच्या खाली आला.

"बघ. इंजिन आणि हे यंत्र तू एका ताटात जेवायला बसवलंस. थोरला सगळं ओरपतो, धाकटा उपाशी. आणि जे उरतं ते तू या केसाएवढ्या तारेतून वीस फूट लांब पाठवतोयस. वाटेत सांडणार नाही तर काय होईल?"

"आणि तो पाऊस?"

"कुठला पाऊस?"

मग हॉइटला तेही सांगावं लागलं. ती हसली नाही, पण ओठ आत दाबले. "यंत्राच्या तारा मोटरच्या केबलला बांधल्यास ना? गोंगाट्या माणसाच्या शेजारी झोपलं तर झोप लागेल का? पाय घाल बुटात. गावात जायचंय. वेगळी बॅटरी, जाड तार, फ्यूज. आणि टेप मला पुन्हा दिसता कामा नये."

दुसऱ्या दिवशी सकाळी सॉसेज घातलेले मऊ बिस्किट-पाव खाऊन दोघं कामाला लागले. त्याची सगळी कारागिरी तिनं आधी उपटून टाकली. नवी तार मोटरच्या केबलपासून लांब, होडीच्या दुसऱ्या बाजूनं न्यायची होती. गळकाठ्या ठेवायच्या कप्प्यात हॉइट पोटावर आडवा झाला आणि बाजूच्या पोकळीत त्यानं खांद्यापर्यंत हात घातला. मागून ओपल कडक तार सरकवत होती.

"लागली का हाताला?"

"काहीतरी लागलं." त्यानं ओढून काढलं, तर एक चष्मा. त्याचाच, दोन वर्षांपूर्वी हरवलेला. हा तलावात पडला तो व्हर्जिलच्या धक्क्यानं, असं हॉइट चारचौघांत सांगत आला होता.

"आता माफी मागावी लागेल तुला," मागून ओपल म्हणाली.

"आधी हात निघू दे."

हात निघायला पाव तास आणि थोडा भांडी घासायचा साबण लागला. पण तार आली. मग ओपल पुढच्या भागात मांडी घालून बसली, आणि हॉइट शेजारी टॉर्च धरून. तारेचं टोक ती एका झटक्यात सोलायची, आतल्या एकाही धाग्याला ओरखडा न लावता. पितळी टोपण चढवून पकडीनं दाबायची, आणि मग प्रत्येक जोड तीनदा ओढून बघायची. वर आकसणारी नळी सरकवून गरम हवेचा झोत दिला की ती तारेला कातडीसारखी चिकटायची. फ्यूज तिनं बॅटरीपासून वीतभर अंतरावर बसवला.

"यंत्राजवळ बसवला असता तर बदलायला सोपा पडला असता," हॉइट म्हणाला.

"तार वाटेत कुठं घासली तर? फ्यूजच्या अलीकडे घासली तर होडी पेटेल. म्हणून उगमापाशीच पहारा ठेवायचा."

डोळ्याच्या केबलला तिनं बिजागरीपाशी सैल वळसा दिला, मोटर चार वेळा वर-खाली करून पाहिली, खरवडलेल्या जागी नवं आवरण चढवलं. काम करताना ती गुणगुणत होती. हॉइटला नवल वाटलं. एकतीस वर्षं तो तिला कारखान्याच्या फाटकाशी सोडायचा आणि आणायचा. आत बाहेरच्या माणसाला मज्जाव होता. बाहेर यायची ती दमलेली, पाय सुजलेली बायको. हे हात त्यानं कधी कामात पाहिलेच नव्हते. टॉर्च धरून त्याचं मनगट अवघडलं, तरी त्यानं हात बदलला नाही.

"काय बघतोस?"

"काही नाही. छान करतेस."

"प्रकाश इकडे धर," ती म्हणाली, पण आवाज मऊ झाला होता.

संध्याकाळी उन्हं कलल्यावर ती म्हणाली, "जोड टिकतात का, तेवढंच बघायला येते." होडी घेतल्यापासून ती दोनदाच बसली होती. तासन्‌तास नुसत्या पाण्याकडे काय बघायचं, असं तिचं म्हणणं.

इंजिन सुरू झालं. पडदा हलला नाही. मोटर फिरली. एक रेघ नाही. हॉइट शीळ घालू लागला. ओपल मात्र पडद्यासमोरच्या खुर्चीवर पुढं वाकून बसली होती. समोरच्या गढूळ पाण्यातले बुंधे, गवत, पोहणारे मासे, सगळं तिथं जिवंत हलत होतं.

"थांब. हे सपाट आणि सरळ काय आहे? दोन्ही बाजूंना खळगा."

"जुना रस्ता. धरण झालं तेव्हा बुडाला."

ओपलनं त्या रेघेवर बोट ठेवलं. मग म्हणाली, "मिंटरचा ओढा कुठं होता?"

"उजवीकडे. का?"

"डॅडी आठ वर्षांचे होते, आमचं शेत पाण्याखाली गेलं तेव्हा. शाळेचा रस्ता ते रोज सांगायचे. कापसाच्या गिरणीपासून निघायचं, दफनभूमीच्या टेकाडाशी उजवीकडे वळायचं, मग उतार, मग ओढ्यावरचा पूल, लाकडी, दोन्ही काठांना दगडी खांदे बांधलेला. त्या पुलावर खेचरानं त्यांना पाडलं होतं. हळू ने. मी सांगते तसा."

हॉइटनं आयुष्यात हजारो मुलं शाळेत पोचवली होती, पण अशा रस्त्यानं नाही. ती पडद्यावर खळग्यांच्या दोन रेघा धरून "डावीकडे, जरा डावीकडे" म्हणत राहिली. रस्ता उजवीकडे वळला. तळ उतरत गेला. आणि वीस फूट खोल दगडांचे दोन चौकोनी खांदे उभे राहिले, मधली फळी केव्हाच कुजून गेलेली. त्यांच्याभोवती मोठे पांढरे ठिपके एकाच दिशेला तोंड करून संथ उभे होते.

"हॉइट," ती कुजबुजली, "हे सगळे मासे?"

या पाण्यात तो पन्नास वर्षं फिरला होता आणि या जागेवरून शेकडो वेळा इंजिन दामटत गेला होता. त्यानं गळ टाकला. पडद्यावर गळ खाली उतरताना दिसला. एक ठिपका कळपातून सुटून त्याच्याकडे निघाला.

"ओढू नकोस. येतोय. थांब. आता."

पहिला मासा चार पौंडांचा निघाला. दुसरा तिनं धरला, आणि तो त्याहून मोठा होता.

शुक्रवारी हॉइटनं मॉडीनला फोन करून कसंनुसं विचारलं, स्पर्धेला तू नाही आलीस तर चालेल का. ती म्हणाली, "देवानं ऐकलं. मला होडी लागते, हे बारा वर्षं तुला सांगायचा धीर होत नव्हता."

शनिवारी वजनकाट्यापाशी व्हर्जिल आणि त्याची बायको अर्लीन पहिले आले, प्रुइट नवराबायको थोडक्यात दुसरे. पण सगळ्यांत मोठा मासा ओपलचा ठरला. तो तिनं दोन्ही हातांत धरून फोटो काढून घेतला आणि स्वतः नेऊन पाण्यात सोडला. हॉइटनं सगळ्यांसमोर चष्म्याची माफी मागितली. व्हर्जिलनं ती मोठ्या मनानं स्वीकारली आणि लगेच तिचा मोबदला मागितला. "माफी पोचली. आता जागा सांग."

"आम्ही शाळेच्या वाटेवर होतो," ओपल म्हणाली.

व्हर्जिलला काही कळलं नाही. तो दोघांच्या तोंडाकडे बघत राहिला.

घरी जाताना गाडी तलावावरच्या लांब पुलावर आली तशी ओपलनं काच खाली केली. पाणी उन्हात चमकत होतं. त्या बुडालेल्या पुलापलीकडे शाळा होती, ती सांगू लागली, आणि शाळेमागे एक विहीर, दगडांनी बांधलेली, डॅडींच्या टोप्या तिच्यात पडायच्या. हॉइट बसच्या सवयीनं सावकाश गाडी हाकत ऐकत होता.

"उद्या चर्च सुटल्यावर?" त्यानं विचारलं.

"जेवण बांधून घेऊ," ओपल म्हणाली.