पंपाच्या कॅलेंडरावरची यशोदा

कीर्तनाला जाताना ज्ञानदेव लोंढे खिशात शिसपेन्सिलीचा तुकडा ठेवायचा. कीर्तनकार उद्धवबुवांना ते ठाऊक होतं आणि त्यांना त्याचा राग नव्हता. "कुणी टाळ घेऊन येतं, हा पेन्सिल घेऊन येतो, एकूण एकच," असं ते हसून म्हणायचे. बुवांजवळ तरी सामान काय होतं? गळ्यात एक उपरणं. पण त्याच उपरण्याची यमुना व्हायची, तेच फणा काढून डोलायचं, डोईवर घेतलं की गवळण आणि कमरेला आवळलं की लढाईला निघालेला वीर. ज्ञानदेव सांगायचा, "रंग कालवायला मी पुण्यात शिकलो, पण थोडक्यात पुष्कळ दाखवायचं ते मला बुवांच्या उपरण्यानं शिकवलं."

आणि ते खरंही होतं. चिंचवड स्टेशनाजवळच्या वसुधा पंप कंपनीत तो भिंती रंगवणारा पेंटर म्हणून लागला आणि सात वर्षांत जाहिरात खात्याचा चित्रकार झाला. पंपाच्या खोक्यावरचा मोर त्याचाच. ब्रशाचे तीन फटकारे, बस. पण नगर-सोलापूरकडचे शेतकरी दुकानात जाऊन कंपनीचं नाव न घेता "मोराचा पंप द्या" म्हणायचे. एवढं ज्याच्या हाताला यश, त्यानं आणखी काय मागावं?

१९७३ च्या श्रावणात गावातल्या मारुतीच्या देवळात बुवांनी यशोदेचं आख्यान लावलं. कृष्णानं दह्याचं मडकं फोडलं, यशोदा त्याला उखळाला बांधायला निघाली, आणि दोरी दोन बोटं कमी पडली. दुसरी जोडली, तरी दोन बोटं कमी. गावातल्या सगळ्या दाव्यांना गाठी मारल्या, तरी दोन बोटं कमी. बुवांनी उपरणं दोन्ही हातांत ताणून धरलं, त्यांचा आवाज एकदम खाली आला. "घाम फुटलाय हो तिला. पोर समोर उभं आहे, आणि हातात येत नाही."

ज्ञानदेवाची नजर तेव्हा बायकांच्या बाजूला गेली. खांबाला टेकून सरूबाई बसली होती. कंपनीच्या कँटीनमध्ये चपात्या लाटणारी, फौंड्रीतल्या किसनची बायको. तिच्या डोळ्यांतून पाणी चाललं होतं, पण ओठ मात्र हसल्यासारखे झाले होते. असा चेहरा आयुष्यात एकदा दिसतो. ज्ञानदेवानं खिशातलं कँटीनचं कुपन काढलं आणि त्याच्या पाठीवर तो चेहरा उतरवला. आरती होईस्तोवर काम झालं होतं.

विचारावं असं त्याच्या मनातही आलं नाही. बुवांना काय कधी यशोदेला विचारून आख्यान लावावं लागलं होतं?

त्यातून पुढच्या सालचं कॅलेंडर झालं. हातात दोरी घेतलेली यशोदा, पुढ्यात दह्यानं माखलेला कृष्ण, आणि खाली कोपऱ्यात अगदी बारीक मोर. जाहिरात खात्याचे साहेब अण्णासाहेब यांनी चित्र भिंतीला टेकवलं आणि दोन पावलं मागं सरून पाहिलं. मग म्हणाले, "लोंढे, ही बाई कुठं आहे का हो खरी?"

"नाही साहेब. कीर्तनातून सुचली."

वीस हजार प्रती निघाल्या. नव्या वर्षाच्या पहिल्याच दिवशी कामगारांना एकेक वाटली, उरलेल्या गावोगावच्या दुकानदारांकडे गेल्या.

आठवडाही गेला नाही आणि कँटीनमध्ये ओळख पटली. "काय यशोदाबाई, आज भाजी काय?" "माई, दोन चपात्या जास्ती घाल, तुझ्या किसनाला वजन उचलायचंय!" इथवर थट्टा होती. पण सरूबाईच्या शेजारी कणीक मळणारी केसरबाई एके दिवशी सगळ्यांदेखत म्हणाली, "चितरात पोर आलं गं बया. आता घरात कधी आणती? बारा वर्सं झाली लग्नाला."

सगळे हसले. सरूबाईही हसली म्हणे.

खरा घाव थट्टेचा नव्हता, भक्तीचा होता. लोकांनी ते कॅलेंडर नुसतं टांगलं नाही. त्याला हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली. जिला लेकरू नाही ती त्याच्यापुढे दिवा लावू लागली. आणि त्यातल्याच एकीला कुणीतरी सांगितलं की ही यशोदा रोज सकाळी कंपनीच्या फाटकातून आत जाते.

एके दिवशी दुपारच्या सुट्टीत सरूबाई ज्ञानदेवाच्या टेबलापाशी येऊन उभी राहिली. हाताला कणीक तशीच होती.

"दादा, ते माजं त्वांड हाय न्हवं?"

ज्ञानदेवानं ब्रश खाली ठेवला. "होय, सरूबाई."

"मला इचारलं का न्हाई?"

ज्ञानदेव फडक्यानं बोटांचा रंग पुसू लागला.

"त्या दिशी मी का रडत हुते, ते तरी ठावं हाय का तुमास्नी? बुवा म्हनले, दोरी पुरंना. मला वाटलं, दोरी न्हाई तर न्हाई, हिच्याम्होरं बांधायला पोर तरी हाय. माज्याम्होरं कोन हाय? त्येच त्वांड तुमी घेतलं आन् त्येच्याम्होरं पोर बसवलं."

"सरूबाई, मला खरंच..."

"आज काळेवाडीची एक पोरगी आली हुती फाटकावर. खण-नारळ घिऊन. पाय धरलं माजं. म्हनली, माई, माज्या पोटावर हात ठेव. सोडंचना. ठेवला म्या हात." तिनं आपल्या कणकेच्या हाताकडे पाहिलं. "माज्याकडं काय हाय दादा, तिला द्याला? लई पाप केल्यावानी वाटलं. काडा माजं त्वांड तितनं."

"काढतो," ज्ञानदेव म्हणाला. शब्द तोंडातून गेला आणि मग त्याला वीस हजार आठवले.

तरी त्यानं सुरुवात केली. रविवारी मोराची जुनी कॅलेंडरं काखोटीला मारून तो कामगारांच्या चाळीत फिरला. ते द्या, हे घ्या. पहिल्याच खोलीत चिमाबाई म्हातारीनं त्याला उंबऱ्यावर अडवलं.

"भितीवरला देव कोन माघारी मागतं व्हय रं? दिवा लावलाय म्या त्येला."

"आजी, देव नाही तो. मीच काढलंय ते. चूक झाली त्यात."

"तू काडलास? बरं झालं. आता तुजं काय ऱ्हायलं त्यात? कुकू लावलं, देव झाला."

"त्याच्या बदल्यात हा मोर घ्या की."

"मोर पुजू व्हय? चल, च्या पी आन् जा."

अकरा खोल्या झाल्या. हातात दोन कॅलेंडरं आली. एक पोराबाळांनी फाडलेलं, दुसऱ्यावर रॉकेल सांडलेलं. बाकी सगळीकडून त्याला गूळ-शेंगदाणे मिळाले, चहा मिळाला, आणि "काय हात आहे हो तुमचा!" हे ऐकायला मिळालं. आपल्याच कामाची स्तुती असे चटके देईल, असं त्याला कधी वाटलं नव्हतं.

सोमवारी अण्णासाहेबांनी बोलावलं. चेहरा फुलला होता. मुंबईच्या छपाई प्रदर्शनात कॅलेंडराला पहिलं बक्षीस लागलं होतं. शिवाय दुकानदारांची मागणी आली होती, तारखा नसलेली मोठी प्रत काढा, लोकांना चौकटीत बसवायची आहे.

"साहेब, चेहरा बदलून देतो," ज्ञानदेव म्हणाला. "दोन दिवस द्या."

दोन दिवसांत त्यानं तीन चेहरे काढून आणले. अण्णासाहेबांनी तिन्ही उजेडात धरून पाहिले. "लोंढे, ह्या बायका पंप विकतायत. ती विकत नव्हती. आणि छपाईच्या प्लेटा केव्हाच तयार आहेत मुंबईला."

मग ज्ञानदेवानं सगळं सांगितलं. अण्णासाहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "तिची पॅकिंगला बदली करतो. तिथं फाटकावरची माणसं पोचणार नाहीत. नवी प्रतही थांबवून बघतो. पण अहो, जी भिंतींवर गेली, तिला तिथून मी तरी कसं उतरवू?"

नवी प्रत थांबली नाही. वरच्या साहेबांनी आधीच सही केली होती.

ज्ञानदेव बुवांकडे गेला. बुवांकडे प्रत्येक अडचणीला एक कथा असायची, निदान एक मिस्कील वाक्य तरी असायचं. त्या दिवशी बुवा उपरण्याची घडी घालत बसले होते. सगळं ऐकून घेतलं, घडी मोडली, परत घातली.

"मी गोष्ट सांगून मोकळा होतो रे," ते शेवटी म्हणाले. "ऐकणारा आत कुठं फाटतो, ते माझ्या जागेवरून दिसत नाही. तुला दिसलं होतं."

बक्षिसाला जायचं नाही असं त्यानं ठरवलं होतं. पण कंपनीनं गाडी दिली, बायकोनं कोट शिवून आणला, आणि तो गेला. चांदीची ढाल हातात आली. परीक्षकांपैकी एकानं ध्वनिक्षेपकावर विचारलं, "हा चेहरा तुम्हाला कुठं सापडला?" येताना गाडीत त्यानं मनाशी ठरवलं होतं की सरूबाईचं नाव घ्यायचं, सगळ्यांसमोर तिची क्षमा मागायची. तोंड उघडलं आणि समोर वर्तमानपत्रांचे दोन फोटोवाले दिसले. नाव घेतलं की उद्या तेही तिच्या फाटकावर जाणार.

"कीर्तनातून सुचला," तो म्हणाला. पहिल्यांदा हे बोलला तेव्हा त्याला ते खोटं वाटलं नव्हतं. या वेळी वाटलं, आणि टाळ्या पडल्या.

परत आला तेव्हा पॅकिंगमध्ये सरूबाई नव्हती. किसन फौंड्रीच्या दारात विडी ओढत उभा होता.

"चाकनला गेली भैनीकडं. कांद्याच्या शेडात निवडायला जाती. मी शनवारचा जातो."

"माझ्यावर रागावली असेल."

"राग असता तर बरं झालं असतं, राव. शिव्या दिल्या असत्या, मोकळी झाली असती. आता कीर्तनालाबी जात न्हाई ती. म्हनती, तितं गेलं की मला माजंच त्वांड दिसतं." किसननं विडी विझवली. "लई आवड हुती तिला कीर्तनाची."

हे ऐकून मात्र ज्ञानदेवाला राहवेना. कुणाची भाकरी गेली तर दुसरी मिळवून देता येईल. कुणाचं कीर्तन गेलं तर काय द्यावं? दुसऱ्याच दिवशी त्यानं रजा टाकली आणि चाकणची एस.टी. धरली.

बाजाराच्या मागं पत्र्याची लांब शेड होती. आत कांद्याचे ढीग, आणि ढिगांपुढे ओळीनं बसलेल्या वीस-पंचवीस बाया. पातीच्या धुरळ्यानं आणि सालींनी डोळे चुरचुरत होते. सगळ्यांनी नाकातोंडावरून पदर गुंडाळले होते. दिसत होते ते नुसते डोळे. तरी ज्ञानदेवानं तिला एका नजरेत ओळखलं. ते डोळे त्यानं किती दिवस रंगवले होते!

मुकादमाच्या टेबलामागं भिंतीवर मोठी, चौकटीतली यशोदा होती. ताज्या झेंडूची माळ, खाली उदबत्ती. बाया आत येता-जाता तिला हात जोडत होत्या.

तो सरूबाईच्या ढिगापाशी जाऊन वाकला. "सरूबाई, मी..."

तिनं मान वर केली नाही. हात चालूच होते, लहान कांदा इकडं, मोठा तिकडं. पदराआडून हळूच म्हणाली, "दादा, हितं मला कुनी वळखत न्हाई. ह्या पदराला लई उपकार. तुमी हितं उभं ऱ्हायलात तर वळखतील. जावा."

"एवढंच सांगायला आलो होतो की..."

"सांगू नगा. जावा."

शेजारच्या बाईनं काम थांबवून दोघांकडे पाहिलं, तशी हळूहळू सगळी ओळ थांबली. मग मुकादम सोपानराव टेबलाआडून उठून आला. शहरी कोटातला माणूस बायांच्या ओळीत वाकलेला बघून त्याच्या कपाळाला आठी पडली.

"कोण पाहिजे, साहेब?"

क्षमा मागायला आलेल्या माणसाला तिचं नाव घ्यायची चोरी होती. ज्ञानदेवानं तिच्याकडे पाहायचंसुद्धा टाळलं. नजर न्यावी कुठं, तर समोर तीच, माळ घातलेली.

"कुणी नाही," तो म्हणाला. "दुसऱ्या शेडात जायचं होतं."

"मग बाहेरून जावा. हितं काम चाललंय."

तो वळला. मागं कांदे पडल्याचे आवाज परत सुरू झाले, आधी एका हाताचा, मग ओळीतल्या सगळ्यांचा.