‘हसरी पहाट’ कुणाची?

शब्दकोशाच्या कचेरीत कार्डवाला सगळ्यांत जुना. एकेका वाक्प्रचाराचं एकेक कार्ड करायचं: अर्थ, पुस्तक, लेखक. वीस वर्षं त्याचं हेच चाललेलं, आणि वीस वर्षं ‘हसरी पहाट’च्या कार्डावर लेखकाची जागा कोरी!

शब्द तर पोराटोरांच्याही तोंडी. नवा जाचक नियम निघाला, की लोक कपाळाला हात लावून म्हणायचे, “आली बाबा हसरी पहाट!” म्हणजे पुढचा असा काळ, जिथे सगळं नीटनेटकं, सगळे सुखी, आणि सुखी नसायची परवानगीच नाही. उगम शोधायला जाड्या कोशात बघावं, तर तो पातळ कोशाकडे बोट दाखवी, आणि पातळ कोश जाड्याकडे.

खरं उत्तर कार्डवाल्याच्या घरात भाजी निवडत बसलेलं असायचं. त्याच्या आत्यानं तरुणपणी एक नाटक लिहून छापलं होतं. त्यात जन्मभर कोंडलेली पोर पहिल्यांदा बाहेर येते, हसऱ्या माणसांची रांग बघते नि हरखून ओरडते, “अगंबाई, हसरी पहाट!” न हसणाऱ्याला तिथे उचलून नेतात, हे बिचारीला कुठलं ठाऊक! नाटक लोक विसरले, शब्द तेवढा राहिला.

मग कार्ड कोरं का? नियम, दुसरं काय! कोशात लेखक घ्यायचा तो दिवंगतच. आणि आत्या शहाऐंशीची, ठणठणीत.

यंदाची आवृत्ती शेवटची, हे कळल्यावर ती काठी टेकत थेट कचेरीतच आली. “माझ्या हयातीत मला माझं नाव बघायचंय.”

“हयात हीच तर अडचण आहे, आजी,” साहेब फार नम्रपणे म्हणाले.

“मग लिहा गेली म्हणून! वाचायला काय भूत होऊन येऊ?”

साहेबांना तोडगा पटला. तारीख मात्र नातेवाइकानं भरायची होती. कार्डवाल्याला रडूच फुटलं. “आत्या, माझ्या हातानं नको गं.”

“लिही मेल्या! अक्षर तेवढं बरं काढ.”

त्यानं आजची तारीख घातली. आत्यानं चष्मा लावून आपलं नाव तीनदा वाचलं. इतकी खूश ती कधीच दिसली नव्हती.

साहेब उठले. सगळे उठले. दोन मिनिटं शांतता पाळली गेली, आणि बसून राहणं बरं दिसत नाही म्हणून आत्याही काठीवर उभी राहिली. मग एकेकानं येऊन कार्डवाल्याच्या खांद्यावर हात ठेवला. “फार वाईट झालं हो.” “बाई मोठी होती.” शिपायानं तिची खुर्ची उचलून नेली.

“अरे, जरा पाणी द्या कुणीतरी.”

कुणी वळूनही बघितलं नाही. थट्टाच चाललीय असं वाटून ती हसली. मग हसायची थांबली.

“बाळा, तू तरी दे.”

कार्डवाल्याचा जीव तुटला. तो पाण्यासाठी उठला, आणि उठता उठता त्यानं साहेबांकडे बघितलं. साहेबांनी पुढचं कार्ड त्याच्याकडे सरकवलं. तो पुन्हा खाली बसला.