गोंड्याची शेवटची गाठ

मी टूथब्रश बोलतोय. हो, दातांचाच. लगेच नाक मुरडू नका. दातांचं काम सोडून मला जमाना झाला. सध्या मी एका हॅमस्टरचे केस विंचरतो, आणि छातीठोकपणे सांगतो, माझ्याइतक्या चिवटपणे हे काम दुसऱ्या कोणी करून दाखवावं!

माझा रंग मूळचा पिवळा. केस इतके मऊ, की दुधाच्या दातांना चालतील म्हणून मला घेतलं. ते दात चिमीचे. चिमी म्हणजे कोपऱ्यावरच्या लाँड्रीवाल्याची एकुलती एक लेक. पुढे दुकान, मागे घर, मध्ये एक पडदा. रोज सकाळी त्या पडद्याआड लढाई व्हायची. आई म्हणायची, "आ कर," आणि चिमी मला दातांत करकचून धरायची. माझ्या दांड्यावर त्या दातांचे व्रण अजून आहेत. मी त्यांना दागिने समजतो.

पुढे चिमीला मोठा ब्रश आला. आई मला कचऱ्यात टाकणार, तेवढ्यात चिमीचे बाबा, म्हणजे आमचे मालक, म्हणाले, "अगं थांब, लोकरीच्या कोटांना असलंच मऊ काहीतरी लागतं." झालं, माझी घरातून दुकानात बदली झाली.

गुंड्यांभोवतीची धूळ, कॉलरखालचा कोंडा, कोणाच्या मांजराचे केस, हे सगळं माझ्याकडे. माणसं मोठी मजेशीर असतात हो. खिशात बिस्किटांचा चुरा भरलेला असतो आणि गिऱ्हाईक म्हणतं, "कोट एकदाच घातलाय." मालक हसून सोडून द्यायचे. दोन बाबतींत मात्र ते कधीच हसत नसत. एक, लोकरीला पाणी लावायचं नाही. "घरी धुवायचा शहाणपणा करू नका, लोकर आखडते. कोरडा ब्रश मारा आणि वाऱ्यावर टाका," असं ते येईल त्याला बजावायचे. आणि दोन, आपल्या दुकानातून मळकी वस्तू बाहेर जाणार नाही. कोणाची विसरलेली छत्रीसुद्धा ते पुसून परत द्यायचे.

मग धूळ ओढणारं यंत्र आलं आणि मी गुंड्यांच्या डब्यात जाऊन पडलो. तिथे सगळं ऐकू येतं, पण कोणी हात लावत नाही. रडत बसायचा माझा स्वभाव नाही. मी म्हणायचो, लावतील हात, माझे केस अजून शाबूत आहेत.

डब्यातच मला गोंड्याची खबर लागली. एव्हाना कॉलेजात गेलेल्या चिमीने लांब केसांचा हॅमस्टर आणला होता. उंदराच्या कुळातला, जीव मुठीएवढा, पण केस लोकरीच्या टोपीवरच्या गोंड्यासारखे, म्हणून नाव गोंडा. ती त्याला रोज विंचरायची. मग पुढच्या शिक्षणासाठी ती दुसऱ्या गावी निघाली. तिथल्या वसतिगृहात प्राणी चालत नव्हते.

"आई, मी सुट्टीत येईन तेव्हा गोंडा इथेच असला पाहिजे हं."

"असेल गं राणी. शब्द देते," आई म्हणाली.

आईने त्याचं दाणापाणी कधी चुकवलं नाही. विंचरायचं मात्र कोणाला सुचलं नाही. पिंजऱ्यातला भुसा केसांत अडकला, त्यात ओल धरली आणि मागच्या बाजूला गाठी झाल्या. बिचारा गोंडा दिवसभर स्वतःला चाटून साफ करायचा. पण गाठ चाटून सुटते होय? शेवटी वास सुटला आणि पडदा ओलांडून दुकानात आला. एका बाईंनी तयार झालेला कोट हुंगला आणि काउंटरवर परत ठेवला. "काका, याला कसलासा वास येतोय हो."

मालकांच्या ते फार जिव्हारी लागलं. प्राण्यांच्या दुकानातला मिशीवाला त्यांच्या ओळखीचा. त्याला त्यांनी निरोप धाडला, रविवारी येऊन हे ध्यान घेऊन जा.

"आणि चिमीला काय सांगू? मी शब्द दिलाय तिला," आई म्हणाली.

"आणि मी गिऱ्हाइकांना काय देऊ? नाकात घालायला कापूस?"

आई तरातरा आत गेली. त्या रात्री ताटं जरा जास्तच आपटली गेली.

शनिवारी आई बाजारात गेली आणि मालकांना आपला नियम आठवला. गोंड्याला द्यायचं तर मळका कसा द्यायचा? लोक काय म्हणतील, लाँड्रीवाल्याकडचा प्राणी आणि असा? त्यांनी घमेल्यात कोमट पाणी घेतलं, उंची कपड्यांचा सौम्य साबण घेतला आणि मऊ ब्रश शोधत डबा उघडला. कित्येक दिवसांनी माझ्या अंगाला हात लागला, आणि तो असल्या कामाला!

पाणी दिसताच मी मनातल्या मनात ओरडलो, 'अहो मालक, लोकर! लोकर आहे ती!' ब्रशाचं ऐकतो कोण. गोंडा किंचाळला, धडपडला, मग थरथरायला लागला. मालक प्रेमाने घासत होते हो, खोटं कशाला बोलू. पण हळूहळू थरथर थांबली आणि गोंडा त्यांच्या तळहातावर पोतेऱ्यासारखा पडला. मी फार घाबरलो.

तेवढ्यात आई आली. "अहो, काय केलंत हे!" तिने पिशवी तिथेच टाकली. इस्त्रीच्या टेबलावरचा नुकताच इस्त्री केलेला टॉवेल उचलून गालाला लावून पाहिला, जास्त गरम नाही ना म्हणून. गोंड्याला त्यात टिपलं, गुंडाळलं, छातीशी धरलं आणि तडक प्राण्यांच्या डॉक्टरबाईंकडे निघाली. मागून मालक, एका पायात स्वतःची चप्पल, दुसऱ्यात आईची. मी अजून त्यांच्या मुठीतच होतो. मला खाली ठेवायचं भानही त्यांना राहिलं नव्हतं.

डॉक्टरबाईंनी गोंड्याला ऊब दिली आणि म्हणाल्या, "याला पाण्यात कोणी घातलं? गारठून जीव जातो याचा."

मालक खाली मान घालून उभे. आईच बोलली, "लोकां सांगे ब्रह्मज्ञान! अख्ख्या गावाला बजावतात, लोकरीला पाणी लावू नका. आणि घरात हा पराक्रम."

बऱ्याच वेळाने गोंड्याने एक डोळा उघडला. मालकांनी तोंड फिरवून शर्टाच्या बाहीला डोळे पुसले.

मोठ्या गाठी डॉक्टरबाईंनी जपून कापल्या. "बारीक गाठी अगदी कातडीला लागून आहेत. त्या रोज थोड्या थोड्या सोडवा, मऊ कोरड्या ब्रशने. ओढायचं नाही. बशीत स्वच्छ बारीक वाळू ठेवा, लोळून तो स्वतःच साफ होतो. पावडरीसारखी पूड नको, ती नाकात जाते. पिंजऱ्यातला ओला कोपरा रोज काढा, पण सगळं एकदम धुऊ नका. स्वतःचा वास गेला की तो बावरतो."

मालकांनी मूठ उघडली. "हा चालेल?"

डॉक्टरबाईंनी मला बोटावरून फिरवून पाहिलं. "गरम पाण्याने धुऊन पूर्ण वाळवा. आणि यापुढे हा फक्त त्याचा."

फक्त त्याचा! मी त्याच क्षणी ठरवलं, एकही गाठ शिल्लक ठेवायची नाही.

दुसऱ्या दिवशी ठरल्याप्रमाणे मिशीवाला आला. "काय शेट, तयार आहे का?"

मालक गोंड्याच्या पिंजऱ्यासमोर स्टूल टाकून बसले होते. मान वर न करता म्हणाले, "नाही. गाठी निघायच्यात अजून. असा मळका देणार नाही. पुढच्या रविवारी या."

पडद्यामागे आईने तोंडाला पदर लावला.

गोंडा सावरला तसं आमचं काम सुरू झालं. दुकान उघडण्याआधी मालक त्याला मांडीवर घ्यायचे. पहिल्याच दिवशी त्याने माझ्या दांड्याचा कडकडून चावा घेतला, नेमका चिमीच्या दातांशेजारी. म्हटलं, चाव बाबा, आपल्याला सवय आहे. मालक मात्र हळूच म्हणाले, "चुकलं माझं, गोंडोबा."

आधी गाठीचं टोक, मग जरा आत, मग थांबायचं. गोंडा वैतागला की त्याला सोडायचं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथूनच. पिंजरा एकदम धुवायला मालकांचे हात शिवशिवायचे. मग ते उगाच स्वतःचे रुमाल धूत बसायचे. गोंडा वाळूत असा काही लोळायचा, की आई हातातलं काम टाकून बघत राहायची. वास गेला. त्या कोटवाल्या बाई पुन्हा आल्या, कोट हुंगला आणि मुकाट्याने घेऊन गेल्या.

मिशीवाला दर रविवारी येतच राहिला आणि मालक त्याला परत पाठवतच राहिले.

सुट्टीत चिमी आली ती थेट पिंजऱ्याकडे. "आहे की गं!" म्हणून आईच्या गळ्यात पडली. मग बॅगेतून नवा कोरा ब्रश काढला आणि मला चिमटीत धरून म्हणाली, "शी, हे काय जुनाट?"

"तुझे दुधाचे दात घासलेत त्याने," आई म्हणाली.

चिमीने व्रणांवरून अंगठा फिरवला. काही तिच्या दातांचे, एक गोंड्याच्या दातांचा. नवा ब्रश मुकाट्याने बॅगेत परत गेला.

आता माझे केस वाकलेत, रंगही उडालाय. तरी शेवटचा केस गळेपर्यंत मी थांबणार नाही. तुम्हाला एकच सांगणं आहे. मुका जीव घरात आणलात, तर त्याला रोज थोडा वेळ द्या. एका दिवसात धुऊन मोकळं व्हायला जाऊ नका.

आजही रविवार. मिशीवाला आत्ताच डोकावला. गोंडा मालकांच्या तळहातावर बसला होता, केस रेशमासारखे मोकळे.

"काय शेट, आता तरी तयार?"

मालकांनी गोंड्याला पटकन छातीशी धरलं. "छे हो. अजून एक गाठ बाकी आहे."

शेवटची गाठ मी कधीच सोडवली आहे. पण मालकच बोलत नाहीत, तर मी कशाला बोलू?